कार्निव्हाल: सहा पर्वांचा आराखडा, दोन पर्वांचे आयुष्य

एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या ‘कार्निव्हाल’ या मालिकेची सुरुवात सॅमसनच्या निवेदनाने होते. फिरत्या जत्रेचा कारभार पाहणारा हा ठेंगण्या अंगाचा माणूस थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहत सांगतो की स्वर्ग आणि नरक यांच्यातील महायुद्धानंतर पृथ्वी माणसाच्या हाती आली, प्रत्येक पिढीत प्रकाशाचा एक आणि अंधाराचा एक असे दोन जीव जन्माला येत राहिले, आणि ट्रिनिटी येथे खोटा सूर्य फुटला त्या दिवशी माणसाने विस्मय कायमचा देऊन टाकून त्याच्या बदल्यात तर्क घेतला. ट्रिनिटी म्हणजे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १६ जुलै १९४५ रोजी झालेली पहिली अणुचाचणी. मालिकेची कथा सुरू होते १९३४ मध्ये. म्हणजे आपल्याला कोठवर जायचे आहे हे पहिल्याच मिनिटाला कळते आणि वाट अकरा वर्षांची आहे हेही कळते. प्रत्यक्षात १४ सप्टेंबर २००३ ते २७ मार्च २००५ या काळात दाखवल्या गेलेल्या चोवीस भागांत कथा १९३५ पर्यंतच पोहोचली आणि मे २००५ मध्ये वाहिनीने मालिकेचा गाशा गुंडाळला.

अकाली बंद पडलेल्या मालिकांबद्दल लिहिताना वाहिनीला दुष्ट आणि प्रेक्षकाला अडाणी ठरवण्याचा मोह होतो. ‘कार्निव्हाल’च्या चाहत्यांनीही गेली वीस वर्षे बहुतांशी तेच केले आहे. दोन्ही पर्वे सलग पाहिल्यावर मात्र असे वाटते की मालिकेच्या मृत्यूची कारणे तिच्या घडणीतच होती, आणि त्यांतली काही तर तिच्या थोरवीचीही कारणे होती. हे परीक्षण त्या दोन्ही बाजूंचे आहे.

मालिकेचा कर्ता डॅनियल नॉफ. पेशाने तो आरोग्यविम्याचा दलाल होता. फिरत्या जत्रेवरची ही कथा त्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी चित्रपटासाठी लिहिली होती, पण ती नेहमीच्या पटकथेच्या मानाने फारच लांब झाली आणि पडून राहिली. पुढे त्याने तिचा पहिला अंक मालिकेच्या पहिल्या भागाच्या रूपात नव्याने बांधला आणि फिरत फिरत तो एचबीओपर्यंत गेला. दूरचित्रवाणीचा फारसा अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती इतकी मोठी मालिका कशी द्यायची, या चिंतेपोटी पहिल्या पर्वाची धुरा रोनाल्ड मूर या मुरलेल्या लेखक-निर्मात्याकडे सोपवण्यात आली. पर्व संपल्यावर मूर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या विज्ञानकथा मालिकेकडे वळला आणि दुसरे पर्व नॉफने सांभाळले. हा बदल पडद्यावर जाणवतो, त्याबद्दल पुढे.

कथा दोन रुळांवरून धावते. ओक्लाहोमातील मिल्फे या गावी बेन हॉकिन्स हा तरुण आपल्या मरणासन्न आईच्या उशाशी बसलेला आहे. छातीत धूळ साठून ती मरते आहे. घर पाडायला बुलडोझर दारात उभा आहे आणि बेनच्या पायात पळून आलेल्या कैद्याची बेडी आहे. बेनच्या हातांत बरे करण्याची शक्ती आहे, पण आई त्याला स्वतःला हात लावू देत नाही. ती मरते, आणि तेथून चाललेल्या जत्रेतली माणसे तिला पुरायला मदत करतात व बेनला सोबत घेतात. दुसरीकडे कॅलिफोर्नियातील मिंटर्न गावी ब्रदर जस्टिन क्रो हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक आपल्या बहिणीसोबत राहतो. त्यालाही स्वप्ने पडतात, तीच स्वप्ने जी बेनला पडतात. एका बाईने चर्चच्या पेटीतून पैसे चोरल्याचे त्याला आतून कळते, आणि त्याच्यासमोर उभी असतानाच ती चांदीची नाणी ओकू लागते. ते दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. नाण्यांपेक्षाही जस्टिनच्या चेहऱ्यावरचे भाव लक्षात राहतात, कारण तो तिच्याइतकाच घाबरलेला असतो. ही शक्ती देवाची आहे असे मानूनच तो पुढे चालू लागतो.

या दोघांपैकी कोण प्रकाशाचा आणि कोण अंधाराचा हे मालिका बराच काळ स्पष्ट करत नाही, आणि हीच तिची सर्वांत हुशार खेळी आहे. भला माणूस दिसणारा उपदेशक स्थलांतरित गरिबांसाठी झगडतो, गावच्या प्रतिष्ठितांशी वैर घेतो, आणि नायक म्हणवणारा पोरगा मात्र खुनी, अबोल, कृतघ्न वाटावा असा आहे. बेनची शक्तीही फुकट चालत नाही. पहिल्याच भागात तो एका पांगळ्या मुलीला पायांवर उभे करतो आणि आजूबाजूचे उभे पीक काळे पडून वाळते; जीव दिला तर तो कोठून तरी घ्यावा लागतो. पुढे हा हिशेब कठोर होत जातो. जखम भरायची तर भोवतालचे किडे-मुंग्या, झाडे, पशू जातील. मेलेला माणूस परत आणायचा तर दुसऱ्या माणसाचा जीव स्वतःच्या हाताने घ्यावा लागेल. पहिल्या पर्वाचा शेवट याच नियमावर उभा आहे, आणि अलौकिक शक्तीला इतकी चोख किंमत लावणारी मालिका त्या काळी दुसरी नव्हती.

अद्भुताइतकाच, माझ्या मते त्याहून अधिक, मोलाचा आहे तो मालिकेतला जत्रेचा संसार. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखाच हा कबिला ट्रकांवर तंबू लादून गावोगाव हिंडतो, गावाच्या नजरेत हलका ठरतो आणि त्याच गावाच्या पैशावर जगतो. येथे दाढीवाली बाई आहे, सापांशी खेळणारी रूथी आहे, आंधळा मनकवडा लॉड्झ आहे, एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी आहेत. सोफी पत्त्यांवरून भविष्य सांगते आणि तिची आई अपोलोनिया अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली असूनही मनातल्या मनात लेकीशी बोलत, भांडत राहते. ड्रायफस कुटुंबात बाप तंबूबाहेर उभा राहून गर्दी गोळा करतो आणि आत त्याची बायको व दोन मुली कपडे उतरवून नाचतात. या घरातली संध्याकाळची जेवणे, हिशेबावरून होणारी कुरबुर, आई-मुलींमधला मत्सर हे सगळे इतक्या सहजतेने येते की प्रेक्षकाला आधी धक्का बसतो आणि दोन भागांनंतर तो धक्का कशाचा होता तेच आठवेनासे होते. मालिकेने या माणसांची कीव केली नाही आणि त्यांना देवपणही दिले नाही.

मग धूळ. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी राज्यांत गवताळ जमीन बेसुमार नांगरली गेली, त्यात वर्षानुवर्षे दुष्काळ पडला आणि सुटी झालेली माती आकाशभर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तेथे आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. लाखो शेतकरी घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाले. मालिकेत ही माती कपड्यांच्या शिवणीत, केसांत, ताटात, फोनोग्राफच्या तबकडीवर सर्वत्र बसलेली दिसते. सदरे नवे कोरे वाटत नाहीत, चेहरे धुतलेले वाटत नाहीत. शीर्षकदृश्यात कॅमेरा टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगण्याच्या, पत्त्यांवरील चित्रांच्या आत शिरतो आणि तेथे त्या दशकाची खरी चित्रफीत सापडते: भुकेल्यांच्या रांगा, कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेचा मोर्चा, हुकूमशहांची भाषणे. २००४ मध्ये मालिकेला पाच एमी पुरस्कार मिळाले ते कलादिग्दर्शन, छायाचित्रण, वेशभूषा, केशभूषा आणि हे शीर्षकदृश्य यांसाठी. लेखनाचा किंवा अभिनयाचा त्यांत एकही नव्हता. वाहिनीच्या कचेरीत या यादीचा अर्थ काय लावला गेला असेल याची कल्पना करता येते, कारण हे पाचही पुरस्कार पैसा जेथे ओतावा लागतो त्याच खात्यांचे होते.

छायाचित्रणाचा पुरस्कार ज्या भागासाठी मिळाला तो पहिल्या पर्वातला सहावा, आणि त्याच्या आधीचा पाचवा भाग, हे दोन मिळून या मालिकेचे शिखर आहे. जत्रा टेक्सासमधील बॅबिलॉन नावाच्या खाणकामगारांच्या वस्तीत तंबू ठोकते. गाव ओसाड आहे, गिऱ्हाईक नाही, आणि रात्र पडल्यावर अचानक अंधारातून पुरुषांचा लोंढा येतो, धुळीने माखलेला, जवळजवळ मुका. तिकिटे विकली जातात, नाच होतो. दुसऱ्या दिवशी ड्रायफसांची मुलगी डोरा मे झाडाला टांगलेली सापडते, कपाळावर शिवी कोरलेली. मग जत्रा आपला न्याय आपणच करायचे ठरवते. या दोन भागांत काय आहे आणि काय नाही हे मोजले तर मालिकेचे बळ कळते. प्रकाश-अंधाराच्या युद्धाबद्दल जवळजवळ काहीच नाही, कूट खुणा नाहीत, भविष्यवाणी नाही. आहे ते एका बापाचे दुःख, एका समाजाची लाज, आणि त्या गावातून कोणालाच, मेल्यावरसुद्धा, सुटता येत नाही हे हळूहळू उमगत जाणे. सॅमसनचे काम करणाऱ्या मायकेल अँडरसनने न्यायनिवाड्याच्या प्रसंगी आवाज न चढवता जो दरारा उभा केला आहे, तो पाहण्यासाठी तरी हे दोन भाग पाहावेत.

अभिनयात दुसरे मोठे नाव क्लॅन्सी ब्राउनचे. ‘शॉशँक रिडेम्प्शन’मधला क्रूर तुरुंग अधिकारी म्हणून तो अनेकांना आठवेल, आणि मुलांच्या कार्टूनमधल्या मिस्टर क्रॅब्सचा आवाजही त्याचाच. जस्टिन म्हणून उपदेश करताना त्याचा आवाज आधी ऊब देतो आणि मग त्याच उबेत गुदमरायला होते. जस्टिन पुढे आकाशवाणीवरून प्रवचने देऊ लागतो आणि घराघरांत त्याचे भक्त तयार होतात. त्या काळी अमेरिकेत चार्ल्स कॉफलिन नावाचा धर्मगुरू खरोखरच रेडिओवरून कोट्यवधी श्रोत्यांपुढे द्वेषाची पेरणी करत होता, हे ध्यानात ठेवले तर मालिकेतले हे कथानक हवेतले वाटत नाही. जस्टिनची बहीण आयरिस साकारणाऱ्या एमी मॅडिगनबद्दल फारसे लिहिले जात नाही, ते लिहिले जायला हवे होते. भावाच्या देवत्वावर तिची श्रद्धा आहे की त्याच्या पापाची तिला भूक आहे, हे ती शेवटपर्यंत कळू देत नाही. त्या मानाने निक स्टालचा बेन पहिल्या पर्वात एकसुरी वाटतो. तो बोलत नाही, विचारत नाही, फक्त खाली मान घालून खुंट्या ठोकतो. व्यक्तिरेखा तशीच आहे असे समर्थन करता येईल, पण नायकालाच कथेत रस नसेल तर प्रेक्षकाने तो कोठून आणायचा?

येथून मालिकेच्या दोषांकडे आणि तिच्या अंताकडे वळावे लागते, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. नॉफच्या मनात संपूर्ण विश्वाची नियमावली तयार होती. प्रकाश आणि अंधार यांची घराणी, वारसा कसा जातो, शक्ती केव्हा पूर्ण होते, कोण कोणाचा बाप, याचे नियम त्याने आखले होते. मात्र हे नियम पडद्यावर सांगायचे नाहीत, प्रेक्षकाने खुणांवरून जुळवायचे, असे धोरण होते. जत्रेचा मालक, ज्याला सगळे ‘मॅनेजमेंट’ म्हणतात, पडद्यामागे बसतो आणि फक्त सॅमसनशी बोलतो. तो खरोखर आहे की नाही अशी शंका पात्रांनाच येते. पहिली बारा भागांची फेरी संपली तरी बेन आणि जस्टिन यांचा संबंध काय, शत्रू कोण, पणाला काय लागले आहे, हे सामान्य प्रेक्षकाला सांगता आले नसते. दोघे नायक-प्रतिनायक स्वप्नांबाहेर समोरासमोर येण्यासाठी दुसऱ्या पर्वाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागते. संथपणा मला आवडतो. बॅबिलॉनचे दोन भाग संथच आहेत. पण संथपणा आणि माहिती दडवून ठेवणे यांत फरक आहे, आणि पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात मालिका तो फरक विसरते.

आकडे याची साक्ष देतात. पहिला भाग सुमारे ५३ लाख लोकांनी पाहिला, एचबीओच्या कोणत्याही नव्या मालिकेसाठी तोवरचा तो विक्रम होता. पहिल्या पर्वाची सरासरी ३५ लाखांच्या आसपास आली. दुसऱ्या पर्वात ती १७ लाखांच्या जवळ घसरली. म्हणजे उत्सुकतेने आलेल्या दर तीन जणांपैकी साधारण दोघे निघून गेले. जे राहिले ते जिवाला जीव देणारे होते, पण त्यांच्या निष्ठेने बेरीज वाढत नव्हती.

त्यात दोन पर्वांमधले अंतर. पहिले पर्व ३० नोव्हेंबर २००३ ला संपले आणि दुसरे ९ जानेवारी २००५ ला सुरू झाले. ज्या मालिकेत एखाद्या पात्राने सहाव्या भागात उच्चारलेले नाव अकराव्या भागात उपयोगी पडते, तिच्या प्रेक्षकाला तेरा महिन्यांहून अधिक काळ ताटकळत ठेवणे म्हणजे त्याने सगळे विसरून जावे अशी व्यवस्था करणे होय. याच मधल्या काळात, सप्टेंबर २००४ मध्ये, एबीसी वाहिनीवर ‘लॉस्ट’ सुरू झाली. तिच्यातही गूढ होते, मोठा नटसंच होता, अनुत्तरित प्रश्नांची रास होती. पण प्रत्येक भागात एका पात्राचा भूतकाळ उलगडून ती प्रेक्षकाच्या पदरात दर आठवड्याला काहीतरी टाकत असे. ‘कार्निव्हाल’ दर आठवड्याला उधारी वाढवत होती. भरीस भर म्हणजे त्याच हंगामात एबीसीनेच रविवार रात्र ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ने काबीज केली, आणि ‘कार्निव्हाल’चाही वार रविवारच होता.

तरीही हे सारे चालून गेले असते, जर ही मालिका स्वस्त असती. एका भागाचा खर्च सुमारे ४० लाख डॉलर होता. पंधरा-वीस प्रमुख पात्रे, शेकडो पूरक कलाकार, जुनी वाहने, उघड्यावर उभारलेली अख्खी जत्रा आणि सतत उडवत ठेवावी लागणारी धूळ यांतून तो येत होता. वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस अल्ब्रेक्ट यांनी नंतर सांगितले की खर्च भागामागे २० लाखांवर आणण्याची तयारी असती तर वेगळा विचार झाला असता. निर्मात्यांना ते शक्य नव्हते, आणि मला ते प्रामाणिक वाटते. निम्म्या पैशांत जत्रा निम्मी होत नाही; ती स्टुडिओतल्या दोन तंबूंपुरती उरते, आणि मग जे पाच पुरस्कार मिळाले त्या पाचांचा आधारच निघून जातो.

एचबीओ ही जाहिराती न घेणारी, वर्गणीवर चालणारी वाहिनी. त्यामुळे किती लोकांनी पाहिले यापेक्षा कोणत्या मालिकेपायी लोक वर्गणी भरत राहतात हे तिच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. या हिशेबात ‘द सोप्रानोज’सारखी मालिका वाहिनीचा चेहरा होती. ‘कार्निव्हाल’ शेजारच्या मालिकांवर वर्गणी भरणाऱ्यांना अधिकचे म्हणून मिळत होती. इतक्या महाग अधिकच्या गोष्टीला आयुष्य थोडे असते. पुढे याच वाहिनीची ‘रोम’ही दोन पर्वांत आणि ‘डेडवुड’ तीन पर्वांत थांबली. दोन्ही मालिका ऐतिहासिक काळातल्या, दोन्ही भल्यामोठ्या नेपथ्याच्या. तेव्हा वाहिनीला अद्भुताचेच वावडे होते असे म्हणता येत नाही. गेलेला काळ उभा करण्याचा खर्च तिला दर वर्षी नव्याने टोचत होता.

माझ्या मते खरी गोम येथेच आहे. नॉफचा आराखडा सहा पर्वांचा होता. दोन-दोन पर्वांचा एक, असे तीन ‘ग्रंथ’, आणि तिसऱ्याच्या शेवटी तो खोटा सूर्य. वाहिनी मात्र एका वेळी एकच पर्व विकत घेत होती. लेखक अकरा वर्षांच्या वाटेची तयारी करून निघालेला आणि यजमान रोज सकाळी आज मुक्काम हलवायचा की नाही ते ठरवणार, अशी ही व्यवस्था. तिचा तोडगा नंतर सापडला. मे २००७ मध्ये ‘लॉस्ट’चे निर्माते आणि एबीसी यांनी मिळून जाहीर केले की आणखी अमुक इतके भाग होतील आणि मालिका २०१० मध्ये संपेल. तारीख ठरल्यावर लेखकांना रहस्ये कोणत्या क्रमाने खर्चायची ते कळले आणि प्रेक्षकांनाही आपण फसवले जाणार नाही असा भरवसा आला. ‘कार्निव्हाल’कडे शेवट तयार होता, करार नव्हता. ज्या मालिकांकडे करार असतो त्यांच्याकडे पुष्कळदा शेवट नसतो, हा दैवदुर्विलास निराळाच.

आपल्याकडे तक्रार नेमकी उलट असते. मराठी वाहिन्यांवर लोकप्रिय मालिका अकाली बंद झाल्याचे दुःख क्वचितच ऐकू येते. ती कधी संपणार हे विचारणारेच जास्त. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली, गाजली, २०१९ मध्ये पूर्वकथेच्या रूपाने परतली आणि २०२१ मध्ये पुन्हा तिसऱ्यांदा. एका वाड्यात, ठरावीक पात्रांवर चालणारी भयकथा वाहिनीला परवडते, म्हणून ती परत परत जिवंत करता येते. रोज नव्या गावात तंबू ठोकणाऱ्या कथेला ती सोय नाही.

मालिका बंद झाल्याची बातमी आल्यावर चाहत्यांनी एका आठवड्याअखेरीत ५० हजारांहून अधिक ईमेल वाहिनीकडे पाठवले. काही उपयोग झाला नाही. नॉफला ही कथा कादंबरी किंवा कॉमिकच्या रूपात पुढे नेता आली असती, पण पात्रांचे आणि कथानकाचे हक्क एचबीओकडे होते आणि तिच्या परवानगीवाचून त्याला पाऊल टाकता येत नव्हते. यातला विरोधाभास असा की वाहिनीला कथा नको होती, पण ती दुसऱ्या कोणी सांगितलेलीही नको होती. मायकेल अँडरसन ज्या मालिकेमुळे आधी गाजला ती ‘ट्विन पीक्स’ १९९१ मध्ये बंद पडून २०१७ मध्ये परतली, ‘डेडवुड’ला २०१९ मध्ये समारोपाचा चित्रपट मिळाला. ‘कार्निव्हाल’च्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

आता दुसऱ्या पर्वाबद्दल. ते पहिल्याहून वेगवान, सरळ आणि बरेच अधिक बोलके आहे. बेन अखेर स्वतःहून हालचाल करतो, जस्टिन उघडपणे अंधाराकडे झुकतो, आणि जॉन कॅरल लिंचने साकारलेला व्हार्लिन स्ट्राउड हा फरारी कैदी येतो, जो रेडिओवर जस्टिनचा आवाज ऐकून त्याचा दूत होतो. गुबगुबीत, हसतमुख आणि सतत घाम पुसणाऱ्या या माणसाइतका भीतिदायक पाठलाग करणारा मी पडद्यावर फार थोड्या वेळा पाहिला आहे. पण वेग आणण्यासाठी जत्रेचे रोजचे जगणे मागे ढकलले गेले. पहिल्या पर्वात एखादा संध्याकाळचा पत्त्यांचा डावही पाहण्यासारखा असे. दुसऱ्यात प्रत्येक प्रसंग बेनला कॅलिफोर्नियाच्या दिशेने एक पाऊल ढकलण्यासाठी येतो. तक्रारींना दिलेले हे उत्तर चुकीचे नव्हते, उशिराचे होते. जे उत्तरे मागत होते ते निघून गेले होते, आणि जे उरले होते त्यांना उत्तरांची घाई नव्हती.

मग आज ही मालिका पाहावी का? पाहावी, आणि अपुरी आहे या भीतीने टाळू नये. दोन पर्वे मिळून नॉफच्या आराखड्यातला पहिला ग्रंथ पुरा होतो. बेन आणि जस्टिन यांचा सामना होतो, तो ठाम होतो, आणि त्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती मालिकेने पहिल्या भागापासून सांगितलेल्या नियमानुसारच मोजली जाते. अगदी शेवटच्या काही मिनिटांत पुढच्या ग्रंथाची पेरणी आहे आणि तेथे मालिका तुटते, ते लागतेच. मात्र शेवटल्या भागाचा बहुतांश ऐवज हा खराखुरा शेवट आहे. पहिल्या पर्वानंतर बंद पडलेल्या आजच्या कित्येक मालिकांच्या तुलनेत ही चैनच म्हणायची.

पाहण्याच्या पद्धतीबद्दल दोन सूचना. एक, रोज एक याहून अधिक भाग पाहू नयेत. ही मालिका आठवड्याच्या अंतराने पाहण्यासाठी केलेली आहे आणि सलग पाहिली तर स्वप्नदृश्यांचा कंटाळा येतो. मधले तेरा महिने मात्र आपल्याला गाळता येतात, आणि पहिल्या प्रेक्षकाला जो सांधा निखळल्यासारखा वाटला तो आज वाटत नाही. दोन, पहिल्या तीन भागांवरून निकाल देऊ नये. सहाव्या भागापर्यंत थांबावे, आणि तोही आवडला नाही तर खुशाल सोडून द्यावी, कारण याहून चांगले या मालिकेजवळ काही नाही. लैंगिक दृश्ये, हिंसा आणि धर्मपीठावरून केलेली निंदा यांचे प्रमाण बरेच आहे, तेव्हा घरातल्या लहानांसोबत बसण्याचा हा कार्यक्रम नव्हे. मालिका संपल्यावर पुढे काय होणार होते ते शोधायला गेलात तर नॉफने चाहत्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे सापडतील. सोफीच्या बाबतीतली उत्तरे तेवढी वाचावीत, घराण्यांच्या वंशावळी सोडून दिल्या तरी चालतील.